मोबाईलचा खेळ आणि आपले कान

मोबाईलवरचा खेळ वाईटच असतो असे नाही. पण प्रत्येक डावाला गुण आणि नाणी मिळतात, म्हणून मन म्हणते, "अजून एकच डाव." मग भूक, अभ्यास, झोप काही सुचत नाही. कोणी फोन घेतला की राग येतो.

चैत्रात माय मोहफुले वेचत होती. मला तिने लहान बहिणीकडे लक्ष ठेवायला सांगितले. मी बाबांच्या फोनवर खेळत बसलो. वाघ, बिबट दिसला की वानर झाडावरून खाकरते, हे आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी वानरे खाकरत होती, पण मला ऐकूच आले नाही. मायची हाकही ऐकू आली नाही. शेवटी तीच धावत आली अन् आम्हा दोघांना ओढत घेऊन गेली. काही झाले नाही, पण मला लय भेव लागला.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली अशा व्यसनाला आजारांच्या यादीत घेतले. थोडे खेळणे म्हणजे आजार नव्हे. खेळ आवरता येत नाही, बाकी कामे सुटतात आणि हे साधारण वर्षभर चालते, तेव्हा तो आजार.

आता मी घरीच खेळतो, तेही अर्धा तास. रानात फोन बंद आणि कान उघडे!