ख्मेर रूज : त्रेचाळीस वर्षांच्या विलंबाचा हिशेब

२२ सप्टेंबर २०२२ रोजी कंबोडियातल्या नॉम पेन्हच्या विशेष न्यायालयाने ख्यू साम्फान या ९१ वर्षांच्या माजी राष्ट्रप्रमुखाची जन्मठेप कायम केली. ज्या ख्मेर रूज राजवटीतल्या गुन्ह्यांसाठी ही शिक्षा होती, ती मात्र ७ जानेवारी १९७९ रोजीच कोसळली होती. मधली त्रेचाळीस वर्षे गेली कुठे?

कायदा नव्हता म्हणावे, तर वंशसंहारविरोधी करार कंबोडियाने १९५०मध्येच स्वीकारला होता. पावणेचार वर्षांत उपासमार, वेठबिगारी, रोगराई आणि कत्तलींत सुमारे १७ लाख माणसे गेली, हेही फार काळ लपले नाही. पण ख्मेर रूजचा म्होरक्या पोल पॉट याला हुसकावले ते व्हिएतनामी सैन्याने, आणि चीन-अमेरिकेला तेव्हा व्हिएतनामच अधिक खुपत होता. त्यामुळे संयुक्त राष्ट्रांतली कंबोडियाची खुर्ची पुढेही ख्मेर रूजच्याच बाजूकडे राहिली. व्हिएतनामच्या पाठिंब्यावरच्या नव्या सरकारला १९८०मध्ये मान्यता देणारा भारत अल्पमतात होता. याच सरकारच्या काळात पोल पॉट आणि त्याचा सहकारी इएंग सारी यांना त्यांच्या गैरहजेरीत १९७९मध्येच मृत्युदंड सुनावला गेला होता. पाश्चात्त्य जगाने तो खटला देखावा ठरवला.

शीतयुद्ध सरले तसे अडथळे देशातच उभे राहिले. शरण आलेल्या इएंग सारीला १९९६मध्ये राजाची माफी मिळाली. १९९८मध्ये पोल पॉट या गुन्ह्यांसाठी न्यायालयासमोर उभा न राहताच मेला. तेव्हाचे पंतप्रधान हुन सेन स्वतः एकेकाळी ख्मेर रूजचे कमांडर. तपास किती वर जाऊ द्यायचा, याची त्यांना धास्ती होती. रखडलेल्या वाटाघाटींतून २००३मध्ये करार झाला आणि कंबोडियन व परदेशी न्यायाधीशांचे संमिश्र न्यायालय २००६मध्ये कामाला लागले.

पदरात काय पडले? तीन जणांना शिक्षा. खर्च ३० कोटी डॉलरच्या वर. इएंग सारी खटला चालू असतानाच वारला, त्याची पत्नी स्मृतिभ्रंशामुळे खटल्यास अपात्र ठरली. उरलेल्या संशयितांवरचे खटले सरकारच्या विरोधामुळे उभेच राहिले नाहीत.

तरीही हे न्यायालय वाया गेले, असे म्हणवत नाही. तुओल स्लेंगच्या शाळेत थाटलेल्या 'एस-२१' तुरुंगाचा प्रमुख दुच याला शिक्षा झाली, ती मोठ्या प्रमाणात त्याच्याच कार्यालयाने जपलेल्या कागदांच्या आधारे : कैद्यांची छायाचित्रे, याद्या, छळाने वदवून घेतलेले कबुलीजबाब. किमान १२,२७२ बळींची नोंद निकालात झाली. वरिष्ठ नेत्यांवरच्या दुसऱ्या खटल्यात सुमारे ३,९०० पीडित पक्षकार म्हणून दाखल झाले. वाचलेल्यांनी आरोपींसमोर उभे राहून साक्षी दिल्या, त्या ऐकायला गावोगावची माणसे बसने येत.

आरोपींना कोर्टात आणणे सत्तेच्या मर्जीवर राहिले. कागद आणि साक्षीदार मात्र त्या मर्जीची वाट न पाहता जपता येतात. सीरियासाठी २०१६मध्ये आणि म्यानमारसाठी २०१८मध्ये संयुक्त राष्ट्रांनी पुरावे गोळा करणाऱ्या यंत्रणा उभारल्या, त्या खटला कुठे चालणार हे ठरण्याआधीच.