मातीतला कार्बन आणि राळेतला कार्बन

मातीतील सेंद्रिय पदार्थ नेमका कोठे टिकून राहतो, हे पाहण्यासाठी मातीच्या सूक्ष्म कणसमूहाचा गुळगुळीत छेद घ्यावा लागतो. परंतु कोरडा कणसमूह कापताना त्याचा भुगा होत असल्याने निर्वातात त्याच्या पोकळ्यांत पातळ इपॉक्सी राळ मुरवतात आणि ती कडक झाल्यावरच छेद घेतात. अडचण येथूनच सुरू होते. राळही मुख्यतः कार्बनचीच बनलेली असते, आणि पोकळ्यांच्या ज्या कडांवर मुळांचे स्राव, जिवाणूंचे अवशेष व चिकणमातीला धरून राहिलेले सेंद्रिय थर सापडण्याची शक्यता असते, तेथेच ती जाऊन बसते. त्यामुळे केवळ कार्बनच्या नकाशावरून काढलेला निष्कर्ष विश्वासार्ह ठरत नाही.

नॅनोसिम्स या उपकरणात सीझियम आयनांचा अतिसूक्ष्म झोत छेदावर सोडून तेथून उडालेले आयन वस्तुमानानुसार मोजले जातात. त्यांपैकी कार्बन व नायट्रोजन यांच्या जोडीचा, 26 वस्तुमानाचा आयन फार मोलाचा आहे, कारण मातीतील सेंद्रिय पदार्थात साधारणपणे दहा-बारा भाग कार्बनमागे एक भाग नायट्रोजन असतो, तर अनहायड्राइड वर्गातील हार्डनरने, म्हणजे कडक करणाऱ्या द्रव्याने, घट्ट केलेल्या राळेत तो नगण्य असतो. अमाइन वर्गातील हार्डनर वापरल्यास मात्र राळेतच नायट्रोजन येतो व ही खूण पुसट होते. मग क्लोरीनचा आधार घेता येतो: इपॉक्सी राळ सहसा एपिक्लोरोहायड्रिनपासून बनत असल्याने तिच्यात थोडा क्लोरीन उरतो. खारवट जमिनीच्या नमुन्यात अर्थातच ही खूण जपून वापरावी लागते.

क्ष-किरणांच्या शोषणावर आधारलेल्या पद्धतीत बेंझिनसारख्या वलयांतील कार्बन 285 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, तर कार्बोक्सिल गटातील कार्बन 288.5 च्या आसपास ओळखू येतो. बिस्फेनॉल-ए पासून बनलेल्या राळेत वलये भरपूर असतात, आणि मातीतील सेंद्रिय पदार्थात कार्बोक्सिलचे शिखर बहुधा ठळक असते. पण अनहायड्राइडमुळे राळेत तयार होणारे एस्टर बंध जवळजवळ त्याच ऊर्जेला शोषण करतात. एका उपकरणाला सोयीचा हार्डनर दुसऱ्या उपकरणात असा फसवा ठरतो, म्हणून त्याची निवड हा प्रयोगाच्या आखणीचाच भाग मानला पाहिजे, आणि मातीचा कणही नसलेल्या जागी निव्वळ राळेचा वर्णपट त्याच छेदावर नोंदवला पाहिजे.

कार्बन अजिबात नको असेल, तर राळेऐवजी वितळलेले गंधक वापरता येते. ते सुमारे 115 अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे नमुन्याला तेवढी उष्णता सोसावी लागते, आणि मातीच्या स्वतःच्या गंधकाचा अभ्यास त्या छेदावर करता येत नाही.