मार्शल यांचा प्याला आणि आपल्या रुग्णपत्रिका

प्रस्थापित मताला आव्हान देणारे म्हणून बॅरी मार्शल यांचे नाव आपल्या परिसंवादांत वारंवार घेतले जाते. ‘त्यांनाही प्रथम कोणी मानले नाही’ असे म्हणून वक्ता स्वतःच्या योगाकडे वळतो. परिणामशूलावरील एका व्याख्यानात मीही तेच केले होते. पुढे मूळ वृत्तान्त वाचला आणि संकोच वाटला.

ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे विकृतितज्ज्ञ रॉबिन वॉरेन यांना १९७९ मध्ये जठराच्या ऊतीत वक्राकार जिवाणू आढळले. जठराच्या आम्लात जिवाणू टिकत नाहीत, अशी तेव्हाची धारणा. १९८२ मध्ये त्यांनी व मार्शल यांनी १०० रुग्णांचे नमुने तपासले. जिवाणूंचे संवर्धन वारंवार फसले. ईस्टरच्या सुट्टीत तबकड्या अधिक दिवस राहिल्या, तेव्हा ते साधले! १९८४ मध्ये मार्शल स्वतः ते जिवाणू प्याले. त्यांना वांत्या झाल्या, दहाव्या दिवशी दुर्बिणीने तपासता जठरशोथ दिसला. व्रण मात्र झाला नव्हता. आणि त्यांनी जठरशोथ एवढेच प्रसिद्ध केले. नोबेल पारितोषिक २००५ चे.

व्याख्यानात मी सात रुग्ण बरे झाल्याचे सांगितले होते. औषध बनविणाऱ्या फार्मसीने तो आकडा माहितीपत्रकात छापला. परवा त्या रुग्णपत्रिका पुन्हा काढल्या. दोघे त्याच काळात आम्लरोधक गोळ्या घेत होते. तिघे दुसऱ्या भेटीनंतर आलेच नाहीत. त्यांना मी बरे झालेले धरले होते. फार्मसीचालकांना तसे पत्र पाठविले आहे.