माहिती चौकट : कांदळवन आणि त्याची लोकसहभागातून जपणूक

संज्ञा : भरती-ओहोटीच्या पट्ट्यातील खाऱ्या चिखलात वाढणाऱ्या वृक्ष-झुडपांच्या समूहाला कांदळवन किंवा खारफुटी म्हणतात. तिवर आणि चिप्पी या झाडांची श्वसनमुळे, म्हणजे हवा घेण्यासाठी चिखलातून वर येणारी मुळे, सहज दिसतात, तर कांदळाचे बी झाडावरच रुजते आणि त्याचा लांब कोंब थेट चिखलात रोवता येतो.

लागवड आणि पुनर्स्थापना : रोपे लावणे म्हणजे लागवड, तर बांध किंवा भरावामुळे अडलेले भरतीचे पाणी पुन्हा खेळते करून बीजांना आपोआप रुजू देणे ही पुनर्स्थापना होय. पाण्याची वाट बंद असेल, तर केवळ लागवड बहुधा टिकत नाही, आणि ही वाट स्थानिक मच्छीमारांइतकी क्वचितच कोणाला ठाऊक असते.

महाराष्ट्रात : 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनतोडीस मनाई केली, 2012 मध्ये वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि 2020 मध्ये पांढरी चिप्पी राज्य कांदळवृक्ष ठरली. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचतगटाच्या स्त्रिया पर्यटकांना होडीतून कांदळवन दाखवतात, त्यामुळे त्याच्या संरक्षणाला उपजीविकेचा आधार मिळाला आहे.

फुलसावंगीपासून सागरापर्यंत : समुद्रापासून दूरचा प्रदेशही नद्यांमधून कांदळवनाशी जोडलेला असतो. उदाहरणार्थ, यवतमाळ जिल्ह्यातील फुलसावंगी परिसराचे पाणी पैनगंगेतून वर्धा, प्राणहिता आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराकडे जाते आणि गोदावरीच्या मुखाशी आंध्र प्रदेशातील कोरिंगा अभयारण्याचे विस्तीर्ण कांदळवन आहे.