सुई टोचायला दोन रात्रींचा मुक्काम कशाला?

फुप्फुसातला तुकडा सुईने काढायचा, तर त्यासाठी धुळ्याला किंवा सुरतेला दोन रात्री का राहायचे? आपल्या दानातून होणाऱ्या या खर्चाबद्दल मंडळीतील काही बंधुभगिनी विचारतात. प्रश्न रास्त आहे.

सातपुड्यातल्या पाड्यांवर छातीच्या एक्स-रेत डाग दिसला की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि पुष्कळदा तो खराही ठरतो. थुंकीत जंतू सापडले तर सुईची गरजच नाही. अडचण होते ती थुंकी पुन्हा पुन्हा स्वच्छ येते आणि डाग मात्र जात नाही तेव्हा. क्षय, कॅन्सर, बुरशीची लागण, जुना व्रण, एक्स-रेत सगळे सारखेच दिसू शकतात. अंदाजाने क्षयाच्या गोळ्या चालू ठेवल्या आणि आत कॅन्सर निघाला, तर हातचे महिने गेलेले असतात.

अशा वेळी सीटी स्कॅनमध्ये पाहत बरगड्यांमधून सुई डागापर्यंत नेतात. जागा बधिर केलेली असते, पण रुग्ण जागा असतो. सांगितल्याक्षणी त्याने श्वास धरायचा, कारण श्वासाबरोबर डागही हलतो. पावरी बोलणाऱ्या आजीला ही सूचना गुजरातीत मिळाली तर? म्हणून आमचा कार्यकर्ता पाड्यावरच तिच्याकडून सराव करून घेतो. शेवईच्या तुकड्याएवढा नमुना निघतो. त्यातूनच कॅन्सर आणि क्षय दोन्हींची तपासणी करता येते.

मुक्काम लागतो तो फुप्फुसाला पडलेल्या छिद्रामुळे. त्यातून हवा निसटून छातीत साठू शकते. साधारण पाचांत एकाला असे होते. बहुतेकांची हवा आपोआप जिरते, थोड्यांना नळी घालावी लागते. काही तासांनी पुन्हा एक्स-रे काढतात, तरी क्वचित धाप दुसऱ्या दिवशी लागते. त्या वेळी रुग्ण धडगावच्या घाटात जीपमध्ये असू नये.

‘सुई लागली की गाठ पसरते’ ही भीती पाड्यावरच नव्हे, आपल्या शिकलेल्या मंडळीतही आहे. फुप्फुसाच्या बाबतीत तसे घडणे अत्यंत दुर्मिळ आहे.

अहवालाला आठवडाभर लागू शकतो. तेवढे दिवस रुग्णाला थांबवत नाही, कार्यकर्ता तो आणून देतो. कधी नमुना अपुरा पडतो आणि सुई पुन्हा टोचावी लागते. तो प्रवासही याच खात्यात धरला जातो.