राजीनाम्याआधी रजेचं पान उघडा

राज्य सरकारच्या कचेरीत आस्थापनेचं टेबल सांभाळताना एक गोष्ट मला कायम खुपत आली. घरात मोठं आजारपण आलं की माणसं न कळवता घरी बसतात, नाहीतर थेट राजीनामा लिहितात. तिसरी वाट त्यांच्याच सेवापुस्तकात असते, रजेच्या हिशोबाच्या पानावर.

एक कनिष्ठ लिपिक अशीच राजीनामा घेऊन आली. आईला अर्धांगवायू, भाऊ परगावी. म्हटलं, "आधी बस बाई. तो कागद पर्समध्ये ठेव." आणि तिचं सेवापुस्तक काढलं. अर्जित रजा १ जानेवारीला आणि १ जुलैला १५-१५ दिवस जमा होते. हिने नैमित्तिक रजेपलीकडे (सीएल) कशालाच हात लावला नव्हता. का, तर साठलेल्या रजेचे निवृत्तीला ३०० दिवसांपर्यंत पैसे मिळतात! मला हे कधीच पटलं नाही. आई आज अंथरुणावर आहे.

त्याखेरीज वर्षाला २० दिवस अर्धवेतनी रजा. "मॅडम, ती स्वतःच्या आजारपणाचीच ना?" बहुतेकांचा हाच समज. ती घरच्या कामासाठीही मिळते. स्वतःच्या आजारपणात डॉक्टरांच्या दाखल्यावर दोन अर्धवेतनी दिवस खर्ची टाकून एक पूर्ण पगाराचा दिवस घेता येतो, ती परिवर्तित रजा वेगळी. आधी अर्जित, मग अर्धवेतनी, असा अर्ज तिच्याकडून तिथेच लिहून घेतला.

सगळं संपलं तर असाधारण रजा. पगार नाही, वैद्यकीय दाखला नसेल तर वेतनवाढही पुढे जाते. पण नोकरी राहते. विनापरवानगी गैरहजेरीत सेवाखंडाची भीती, आणि त्याची झळ पेन्शनला लागते.

रजा हक्क म्हणून मागता येत नाही, हे महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मधलं वाक्य साहेबांना तोंडपाठ असतं. त्याच नियमात पुढे आहे, की कामाच्या निकडीपोटी रजा नाकारता येईल, पण शिल्लक असलेल्या आणि मागितलेल्या रजेचा प्रकार कर्मचाऱ्याच्या लेखी विनंतीशिवाय बदलता येणार नाही. अर्जित मागून आदेशात असाधारण आली, तर गप्प बसू नका. लेखी हरकत घ्या. अर्ज आवकमध्ये देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. स्वतःच्या आजारपणाच्या रजेवरून परतताना तंदुरुस्तीचा दाखला लागतो. रुजू झाल्यावर आदेशाची नोंद सेवापुस्तकात चढली का, ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा.