नाव ओळखीचं, पत्ता भलताच

फिशिंगचा मेल म्हणजे लॉटरीची बातमी आणि मोडकंतोडकं इंग्रजी, हा समज ऑफिसांतून अजून पक्का आहे. आता एआयच्या मदतीने कुणालाही तुमच्या एचआरच्या थाटात बिनचूक मेल लिहिता येतो. म्हणून भाषेवरून निवाडा करू नका. मेल तुमच्याकडून काय करून घेऊ पाहतोय, ते बघा. पासवर्ड, ओटीपी, पैसे किंवा बँक खात्यात बदल, यांतलं काहीही ‘आजच्या आज’ हवं असेल, तर तिथेच थांबा.

‘साहेबांच्याच नावाने आलाय.’ नाव कुणालाही कुणाचंही लावता येतं. खरा पत्ता त्या नावाखाली असतो. तोही अक्षर-अक्षर वाचावा लागतो, कारण इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवले तर घाईत फरक कळत नाही. लिंकचं नाव उजवीकडून वाचा. ‘तुमचीबँक डॉट बँक डॉट इन डॉट केवायसीअपडेट डॉट कॉम’ यात बँकेचं काहीच नाही. मालक शेवटचा, केवायसीअपडेटवाला. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’वर जायला सांगितलं होतं. पण ही अक्षरं नावाच्या अगदी शेवटी असतील, तरच त्यांना अर्थ आहे. कुलपाच्या चिन्हावरही विसंबू नका. ते चोराच्या साइटलाही मिळतं. लोकांचा गैरसमज होतो म्हणून क्रोमने ते २०२३मध्ये काढून टाकलं.

‘लिंक नाही, अटॅचमेंट नाही, मग धोका कसला?’ हा समज मला सगळ्यांत महागडा वाटतो. लिथुआनियाच्या एव्हाल्डास रिमासाउस्कसने तैवानच्या क्वांटा या हार्डवेअर कंपनीच्या नावाचीच कंपनी लॅटव्हियात नोंदवली आणि २०१३ ते २०१५ या काळात गूगल आणि फेसबुकला खोटी बिलं पाठवली. दोघींनी मिळून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम भरली. २०१९मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या न्यायालयात पाच वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा पुरवठादाराचं खातं ‘बदललं’ की त्याला फोन करा, आणि नंबर मेलमधला नको, आपल्या जुन्या नोंदीतला घ्या. उलट मेल करून विचारण्यात अर्थ नाही; मेलबॉक्सच चोराच्या हाती असेल, तर ‘हो’ म्हणणाराही तोच.

ओटीपी आहे म्हणून निर्धास्त राहू नका. खोटं पान तुमचा पासवर्ड आणि ओटीपी त्याच क्षणी खऱ्या साइटवर टाकतं. पासवर्डऐवजी वापरायची पासकी मूळ साइटच्या पत्त्याशी बांधलेली असते, म्हणून तिथे ही चाल चालत नाही.

आणि क्लिक झालंच तर? ‘काही झालेलं दिसत नाही, गप्प बसू’ हा विचार माणूस भीतीपोटी करतो. पासवर्ड दिला असेल, तर आयटीला त्याच मिनिटाला सांगा, दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदला, सगळीकडून लॉगआउट करा. मेल परस्पर दुसरीकडे पाठवणारा एखादा नियम चोराने लावून ठेवलाय का, तेही बघा. पैसे गेले असतील, तर बँक आणि १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. रक्कम पुढच्या खात्यांत पांगण्याआधी गोठवता यावी, म्हणून घाई करायची. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २०२२च्या निर्देशांनुसार अशा घटना कळल्यापासून ६ तासांत कळवणं कंपनीवरही बंधनकारक आहे. चुकलेल्या माणसाला चारचौघांत झापणाऱ्या साहेबाला हे तास मिळत नाहीत, कारण पुढच्या वेळी त्याला कुणी सांगतच नाही.

मेल डिलीटही करू नका. तो जसाच्या तसा आयटीकडे गेला, तर तो कुठून आला याचा माग काढता येतो आणि आणखी कुणाकुणाच्या इनबॉक्समध्ये पडलाय, ते त्यांनी उघडण्याआधी कळतं.